नेपथ्यद्रव्य आणि प्रकाश : प्रयोगसमीक्षेतील एक दुर्लक्षित प्रश्न

मराठी प्रयोगसमीक्षेत नेपथ्याविषयी जे लिहिले जाते त्यात विशेषणांचा भरणा फार असतो. नेपथ्य ‘भव्य’ असते, ‘सूचक’ असते, ‘देखणे’ असते, क्वचित ‘विषयास पूरक’ही असते, परंतु ते कशाचे केले होते हे समीक्षक बहुधा सांगत नाही. प्रकाशयोजनेची स्थिती याहून वेगळी नाही. ती ‘परिणामकारक’ ठरली की तिचा विषय संपतो. दिवे कोणते होते, ते कोठे टांगले होते आणि त्यांचा प्रकाश कोणत्या पृष्ठभागावर पडत होता, हे प्रश्न सुताराचे किंवा वायरमनचे मानले जातात. काव्याची समीक्षा करताना आपण शब्दाकडे दुर्लक्ष करीत नाही, शिल्पाविषयी लिहिताना दगड कोणत्या जातीचा हे विचारतो. मग मांजरपाट, लाकूड, प्लायवुड, फ्लेक्स, दिव्याची तार यांनाच समीक्षेच्या पंक्तीबाहेर का बसवावे, हे कळत नाही. द्रव्याची निवड ही प्रथम सौंदर्यविषयक निवड होय आणि दिव्याच्या निवडीपासून ती वेगळी करता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणावा लागतो असे समजण्याचे कारण नाही. आहार्याभिनयाची चर्चा करताना भरताने ‘पुस्त’ या संज्ञेखाली रंगभूमीवरील कृत्रिम वस्तूंचा विचार केला आहे. जोडून केलेले संधिम, यंत्राने चालणारे व्याजिम आणि वस्त्रादिकांनी वेढून केलेले वेष्टिम असे त्याचे भेद त्याने सांगितले. परंतु या वर्गीकरणापेक्षा त्याने दिलेले एक व्यावहारिक कारण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. रंगभूमीवरील शस्त्रे आणि वस्तू खऱ्या धातूच्या किंवा दगडाच्या असू नयेत. लाख, हलके लाकूड, चामडे, वस्त्र, बांबूच्या पट्ट्या यांच्या त्या असाव्यात, कारण जड वस्तू वाहून नट थकतो. अलंकारांविषयीही त्याचे हेच म्हणणे आहे. वस्तू खरी असण्यापेक्षा नटाच्या शरीराला ती पेलणारी असणे महत्त्वाचे, हा येथे निकष आहे. आपल्याकडे भरताच्या रससूत्रावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले गेले. लाखेवर आणि बांबूवर मात्र कोणी फारसे थांबले नाही.

आता ज्या उदाहरणाने हा प्रश्न सर्वांत स्पष्ट होतो, त्याकडे वळू. गॉर्डन क्रेग या इंग्रज रंगकर्मीस 1908 साली मॉस्को आर्ट थिएटरने ‘हॅम्लेट’साठी निमंत्रण दिले आणि नव्या कालगणनेप्रमाणे 5 जानेवारी 1912 रोजी तो प्रयोग रंगभूमीवर आला. क्रेगची कल्पना उंच, सरळ, बिजागरीने जोडलेल्या पडद्यांची होती. रंगवलेले देखावे नकोत, राजवाड्याची नक्कल नको. केवळ हे उभे पृष्ठभाग हलत राहावेत, त्यांच्या जागा बदलाव्यात आणि त्यांवरील प्रकाश बदलावा, म्हणजे वास्तूच जणू अभिनय करील. कल्पना म्हणून हिला तोड नाही. आजही नेपथ्याचा विद्यार्थी क्रेगची रेखाचित्रे पाहतो तेव्हा त्याला मुक्तीचा अनुभव येतो.

परंतु हे पडदे कशाचे करावयाचे? स्तानिस्लाव्स्कीने ‘माझे कलाजीवन’ या आत्मवृत्तात या शोधाची हकिकत दिली आहे. क्रेगला द्रव्य नैसर्गिक हवे होते : दगड, धातू, न रंगवलेले लाकूड, बूच. धातूचे पडदे करावयाचे तर त्यांच्या वजनासाठी रंगमंचच नव्याने बांधावा लागला असता आणि विजेच्या यंत्रांची व्यवस्था करावी लागली असती. लाकूड आणि बूच हेही करून पाहिले. तेही जडच ठरले. अखेरीस हलक्या लाकडी चौकटींवर ताणलेले साधे, न रंगवलेले किंतान स्वीकारावे लागले. येथपर्यंतची हकिकत तडजोडीची वाटते, आणि बहुतेक लेखक ती तशीच सांगतात. परंतु स्तानिस्लाव्स्कीने पुढे नोंदवलेली गोष्ट त्याहून अर्थपूर्ण आहे. किंतानाचा उजळ रंग एल्सिनोरच्या उदास किल्ल्याशी मुळीच जुळत नव्हता. तरीही क्रेगने त्यालाच संमती दिली, कारण विजेच्या प्रकाशाच्या सूक्ष्म छटा किंतान घेत होते आणि गडद पृष्ठभागांवर त्या नाहीशा होत होत्या. याचा अर्थ असा की अंतिम निर्णय वजनाने केला नाही. तो दिव्याने केला.

या हकिकतीचा शेवट प्रसिद्ध आहे. प्रयोगाला काही वेळ उरला असता एक पडदा कलला आणि पत्त्यांच्या घराप्रमाणे सारे पडदे एकामागून एक कोसळले. चौकटी मोडल्या, किंतान फाटले. घाईने दुरुस्ती करावी लागली आणि प्रवेशांच्या मधल्या काळात रंगपडदा पाडण्याचे ठरले. क्रेगने या वर्णनास आक्षेप घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु पडदे कोसळले की नाही, यापेक्षा पडदा पाडावा लागला हे अधिक महत्त्वाचे. क्रेगची मूळ कल्पना अखंड चलनाची होती. ती सफल होण्यास दोन परस्परविरुद्ध गुण एकाच वस्तूत हवे होते : उभे राहण्यापुरते जडत्व आणि सरकण्यापुरते हलकेपण. किंतानाच्या चौकटीत दुसरा गुण होता, पहिला नव्हता. क्रेगच्या चरित्रकारांनी या अपयशाचे खापर कधी रशियन तंत्रज्ञांवर तर कधी खुद्द क्रेगच्या लहरीपणावर फोडले आहे. माझ्या मते दोष याहून खोल आहे. क्रेगने आकृती आधी निश्चित केली आणि द्रव्य मागाहून शोधले. उत्तम नेपथ्यकाराच्या मनात हे दोन्ही एकदमच जन्मतात.

क्रेगच्या आधी ॲडॉल्फ आपिया याने 1899 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रंगवलेल्या देखाव्यांवर जो आक्षेप घेतला होता, तो मराठी रंगभूमीच्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. नट त्रिमितीचा, पडदा द्विमितीचा. पडद्यावर चित्रकाराने प्रकाश आणि छाया आधीच रंगवून ठेवलेली असते, म्हणून खऱ्या दिव्याला तेथे काम उरत नाही. दिवा चित्र दिसावे म्हणून जळतो, नट दिसावा म्हणून नव्हे. 1843 साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा तेलाच्या दिव्यांचा उजेड होता. पुढे किर्लोस्करांपासून गंधर्वांपर्यंतच्या काळात चित्रित पडद्यांची कला ऐन बहरात आली आणि तेलाच्या जागी किटसनच्या बत्त्या आल्या. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, ललितकलादर्शचे पु. श्री. काळे यांच्या कुंचल्याने उभे केलेले महाल आणि उद्याने यांचे कौतुक आपण आजही वाचतो. या पडद्यांना समोरून येणारा, सर्वत्र सारखा पसरलेला उजेडच मानवत होता. मांजरपाटावर सरस आणि खडूचा हात देऊन त्यावर रंगवलेली खांबाची सावली डावीकडे पडत असेल, आणि विजेचा झोतदिवा डावीकडूनच लावला, तर नटाची सावली उजवीकडे जाईल. प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येणार नाही, पण महाल कागदी वाटू लागेल. तेव्हा पडद्याचे युग केवळ अभिरुची बदलल्याने संपले, हे आपल्या इतिहासग्रंथांतले विधान अपुरे आहे. दिवा बदलला होता, हेही त्याचे एक कारण मानले पाहिजे.

नाट्यमन्वंतरने 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली, त्या वेळी तीन भिंतींच्या बंदिस्त दिवाणखान्याचे जे कौतुक झाले, त्यामागेही द्रव्याचा प्रश्न होता. पडद्यावर रंगवलेले दार उघडत नाही. खरे दार उघडते, पण किंतानाच्या भिंतीत बसवलेले खरे दार जरा जोराने लावले की भिंत थरथरते, आणि ती थरथर पाहताच वास्तववादाचे सारे मंत्र व्यर्थ होतात. (नोराने लावलेले जगप्रसिद्ध दार प्रेक्षकाला दिसत नाही, नुसते ऐकू येते, यात इब्सेनच्या कलेइतकेच त्याच्या रंगमंचविषयक अनुभवाचे श्रेय असावे असे मला कधी कधी वाटते.) भिंत थरथरू नये म्हणून दाराची चौकट भिंतीपासून वेगळी, स्वतंत्र पायावर उभी करावी लागते. उत्तम सुतार हे न सांगता करतो. समीक्षकाला ते माहीत नसल्यामुळे तो नटीच्या तडफेने दार लावण्याची स्तुती करतो. त्या तडफेत सुताराचाही वाटा असतो.

मराठी नाटक हे फिरते नाटक आहे, ही गोष्ट द्रव्यविचारात केंद्रस्थानी ठेवावी लागते. युरोपातील नगरनाट्यगृहात एकच नेपथ्य महिनोन्‌महिने उभे राहू शकते. आपले नेपथ्य रात्री उतरते, गाडीत चढते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी उभे राहते. येथे थोडे गणित आवश्यक आहे. आठ फूट बाय चार फूट आकाराचा बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तक्ता साधारणपणे वीस-बावीस किलो भरतो. तेवढ्याच आकाराची दोन इंची रिपांची चौकट, आडव्या पट्ट्यांसह आणि ताणलेल्या मांजरपाटासह, सहा-सात किलोंत होते. बारा भिंतींच्या नेपथ्यात हा फरक पावणेदोनशे किलोंच्या आसपास जातो. तो कोणीतरी उचलावयाचा असतो, तोही मध्यरात्रीनंतर. 1962 च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरता रंगमंच वापरला गेला, त्याच्या नावीन्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु फिरत्या पाटावर जे जे ठेवावे ते ते फिरवावे लागते, म्हणून त्यावरील प्रत्येक वस्तूची निवड वजनाच्या कसोटीवरही करावी लागते, हा त्या योजनेतील शिस्तीचा भाग उपेक्षितच राहिला. याच्या अगदी उलट टोकाला 1972 चे ‘घाशीराम कोतवाल’. तेथे भिंत माणसांची होती आणि ती आपल्या पायांनी गाडीत चढत होती. त्या रचनेचे सौंदर्य तिच्या काटकसरीपासून वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही.

परंतु हलकेपण हाच एकमेव गुण मानला तर दुसरी आपत्ती येते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’सारख्या नाटकाची संहिता पाहा. 1985 साली ते रंगभूमीवर आले. त्या वाड्याचे ओझे पात्रांच्या मानेवर आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टरही त्याच ओझ्याचा एक भाग. अशा नाटकात भिंती जड वाटल्या नाहीत तर संवाद हलके होतात. आणि जड वाटणे हे वजनावर अवलंबून नसून कडेवर अवलंबून असते. प्रेक्षक भिंतीची जाडी पाहतो ती दाराच्या आणि कोनाड्याच्या कडेला. तेथे नऊ इंचांचा खोल पाखा दिला आणि त्यावर बाजूने तिरका प्रकाश टाकला की मागचा सारा मांजरपाट दगडमातीचा होतो. समोरून सरळ दिवा टाकला की तोच पाखा नाहीसा होतो. एका कोनाने वाडा उभा राहतो आणि दुसऱ्या कोनाने पडतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

कोनाचा विषय निघाला म्हणून स्टॅन्ली मॅककॅन्डलेसच्या पद्धतीचा उल्लेख केला पाहिजे. येल विद्यापीठातील या अध्यापकाने 1932 साली ‘रंगमंच प्रकाशित करण्याची एक पद्धती’ या आशयाचे छोटेसे पुस्तक लिहिले. रंगमंचाचे अभिनयक्षेत्रांत विभाजन करावे आणि प्रत्येक क्षेत्रावर दोन्ही बाजूंनी, सुमारे 45 अंशांच्या कोनातून, एक उबदार आणि एक शीतल छटेचा दिवा टाकावा, हे तिचे सार. आपल्या नाट्यशिक्षणवर्गांत ही पद्धत जवळजवळ श्रुतीसारखी शिकवली जाते. ती उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु ती नटाच्या चेहऱ्यासाठी रचलेली आहे; भिंतीसाठी नव्हे. शिवाय 45 अंशांची उंची मिळण्यास दिवे टांगण्याची जागा योग्य अंतरावर असावी लागते. जेथे समोरचे दिवे सज्जाच्या कठड्यावर खालच्या पातळीत बसवलेले असतात, तेथे प्रकाश जवळजवळ आडवा येतो आणि नटाची सावली जमिनीवर न पडता मागच्या भिंतीवर चढते. मग दोन नट आणि चार सावल्या असा प्रयोग होतो. यावर उपाय दिव्यात शोधला जातो, वस्तुतः तो भिंतीत असतो : भिंत मागे सरकवावी, तिचा पृष्ठभाग खरबरीत ठेवावा आणि तिची छटा चेहऱ्यापेक्षा एक पायरी गडद ठेवावी.

खरबरीतपणाविषयी एक स्वानुभव सांगतो. विद्यार्थिदशेत एका एकांकिकेच्या भिंती आम्ही घरातला उरलेला तैलरंग देऊन रंगवल्या. पैसे वाचले आणि दिवसाउजेडी भिंती अतिशय शोभिवंत दिसल्या. प्रयोगाच्या वेळी प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब त्या चकाकत्या रंगात उमटले आणि कोकणातल्या त्या झोपडीत नऊ चंद्र उगवले. दोष कोणाचा म्हणावा तर आमचाच. मांजरपाटासारखे निस्तेज पृष्ठ आपल्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांस विखुरते. चकचकीत पृष्ठ तो एकाच दिशेस परतवते. आज जुन्या पडद्याची जागा छापील फ्लेक्स घेऊ पाहत आहे, आणि त्याच्यावरचा मुख्य कलाविषयक आक्षेप हाच आहे. स्वस्ताई आणि झटपटपणा हे त्याचे गुण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, चित्रित पडद्याचा जुना दोष (छापलेली सावली) आणि तैलरंगाचा दोष (चकाकी) हे दोन्ही त्याने एकत्र आणले आहेत. पडदा रंगवणाऱ्याचा हात मात्र त्यात नाही.

दिव्यांच्या बाबतीत आपण सध्या एका संक्रमणातून जात आहोत आणि त्याची चर्चा बहुतेक वेळा वीजबिलापुरती मर्यादित राहते. हजार वॉटचे सहा दिवे 230 व्होल्टवर सुमारे 26 अँपिअर प्रवाह ओढतात. लहान गावच्या नाट्यगृहात हा भार सोपा नाही, आणि त्या विजेचा फार मोठा भाग उष्णतेतच जातो. एलईडी दिव्याने हा भार कमी केला, हे निर्विवाद. परंतु तप्त तारेच्या दिव्याला एक गुण होता, जो आपण न मागता मिळत असे. पूर्ण तेजात त्याचे रंगतापमान 3200 केल्विनच्या आसपास असते आणि मंद करत गेल्यावर तो तांबूस होत विझतो; म्हणजे सूर्यास्ताची आणि विझत्या चुलीची भाषा त्याला उपजत येते. एलईडी मंद होतो तो त्याच रंगात. शिवाय नियंत्रकाकडून येणारी आज्ञा आठ बिटांची असेल तर अंधार ते पूर्ण प्रकाश हा सारा प्रवास 256 पायऱ्यांत होतो आणि अंधाराजवळच्या शेवटच्या काही पायऱ्या डोळ्यास खटकतात.

त्याहून गंभीर गोष्ट रंगाची. लाल, हिरवा आणि निळा अशा तीनच घटकांतून रंग मिसळणाऱ्या स्वस्त दिव्यात पिवळ्या-नारिंगी पट्ट्यातील प्रकाश फार थोडा असतो. डोळ्याला तो दिवा पांढरा किंवा पिवळा भासतो, वस्तूला मात्र भासत नाही. आता आपल्या नेपथ्याचे रंग कोणते ते पाहावे : गेरू, पिवळी माती, शेणाने सारवलेली भुई, जुने सागवान, पितळ. नेमक्या याच पट्ट्यातील हे रंग आहेत. अशा दिव्याखाली गेरू भडक होतो, पिवळी माती मळकट दिसते आणि गव्हाळ चेहरा मेणासारखा. चार वा अधिक रंगघटकांचे, अंबर धरून असलेले दिवे हा दोष पुष्कळ कमी करतात, परंतु ते महाग आहेत. मधल्या काळात नेपथ्यकाराने आपले रंग दुकानाच्या उजेडात न निवडता त्याच दिव्याखाली निवडावेत, एवढा तरी नियम पाळता येण्यासारखा आहे. कापडाचा वीतभर तुकडा आणि रंगाची एक पट्टी दिव्याखाली धरून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. वेशभूषाकार, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजक रंगीत तालमीपूर्वी एकमेकांस भेटत नाहीत, हीच आपल्याकडची खरी अडचण आहे.

येथवर सौंदर्याची चर्चा केली. परंतु कापड आणि दिवा यांच्या संबंधाला दुसरी, अधिक कठोर बाजू आहे. 8 डिसेंबर 1881 रोजी व्हिएन्नाचे रिंग थिएटर जळाले. तेथे गॅसचे दिवे होते. त्याच महिन्याच्या 28 तारखेस लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंच विजेच्या दिव्यांनी उजळला आणि संचालक डॉइली कार्ट याने जळता दिवा मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडून दाखवला. मलमल करपली नाही. त्या रात्री अनेकांस वाटले असेल की प्रश्न सुटला. बावीस वर्षांनी, 30 डिसेंबर 1903 रोजी, शिकागोच्या आयरोक्वॉय थिएटरमध्ये विजेच्याच कमानदिव्यामुळे झालरीच्या कापडाने पेट घेतला आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. तेथील अग्निरोधक पडदा ॲस्बेस्टॉसचा म्हणून ओळखला जात होता. तो खाली येताना मध्येच अडकला; नंतर झालेल्या तपासणीत तो मुख्यतः लाकडाच्या लगद्याचा असल्याचे आढळले. द्रव्याचे नाव आणि द्रव्य यांत किती अंतर असू शकते, याचे याहून भीषण उदाहरण मला ठाऊक नाही.

आपल्या नेपथ्यात गेली कित्येक वर्षे थर्माकोलचे खांब, कमानी आणि मूर्ती वापरल्या गेल्या. पिसासारखा हलका, सुरीने कापता येणारा, हव्या त्या आकाराचा. भरताच्या कसोटीवर तो पहिल्या वर्गात उतरला असता. मात्र उष्ण दिव्याजवळ तो आकसतो, पेटला तर वितळून ठिबकतो आणि दाट काळा धूर सोडतो. राज्य शासनाने मार्च 2018 मधील अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली ती पर्यावरणाच्या कारणासाठी. नाट्यव्यवसायाने ती त्याआधीच स्वतःवर घालून घ्यावयास हवी होती. फ्लेक्सच्या मुळाशी पीव्हीसी आहे आणि जळताना तो श्वासमार्ग पोळणारा आम्लवायू सोडतो. याउलट सुती कापड सहज पेटते हे खरे असले, तरी त्याच्यावर उपाय करता येतो. टाकणखार आणि बोरिक पावडर यांच्या पाण्यात ते भिजवून वाळवले की ज्वाला धरण्याची त्याची प्रवृत्ती पुष्कळ मंदावते. उपाय जुना आहे आणि स्वस्त आहे.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभे राहिलेले आणि 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले ते नाट्यगृह होते. ज्या नगरीत पडदे रंगवण्याची कला परमोच्च बिंदूस पोचली, त्या नगरीचे. पुनर्बांधणीचा विषय निघाला तेव्हा वास्तूचे जुने रूप जसेच्या तसे राखण्याचा आग्रह सर्वत्र व्यक्त झाला, आणि तो योग्यच आहे. परंतु जुन्या रूपाच्या आत रंगपडदा कोणत्या कापडाचा असेल, विंगांना कोणता लेप दिलेला असेल, दिवे कोणत्या कोनात टांगता येतील आणि दिवा व कापड यांत किती हातांचे अंतर राहील, हे प्रश्न विचारणारा आवाज माझ्या तरी कानी आला नाही. कापडाच्या लेपाविषयी आणखी एक तपशील येथे नोंदवतो : टाकणखाराचा हा लेप पाण्याने धुऊन जातो. पडदा एकदा धुतला, किंवा पावसाळी दौऱ्यात गाडीच्या टपावर भिजला, की लेप पुन्हा द्यावा लागतो. आणि तो कधी दिला याची तारीख पडद्याच्या कोपऱ्यावर शाईने लिहिलेली असावी लागते.